जोखीम क्रमांक सतरा

पीं. पीं. पीं.

कपडे धुऊन झाले की आमचं वॉशिंग मशीन सात वेळा ओरडतं. ते गप्प करायचं बटण कंपनीने दिलेलं नाही, किंवा दिलं असेल तर ते मला अजून सापडलेलं नाही. तिसऱ्या पींला मी टेबलावरून उठते, पाचव्याला मशीनपाशी पोचते आणि उरलेल्या दोन पींवर उशी दाबून धरते, कारण शेजारच्या खोलीत भिंगरी झोपलेली असते. भिंगरी म्हणजे माझी मुलगी, वय वर्षं पावणेचार. ती दुपारी एक ते अडीच झोपते. त्या दीड तासात मी पीएच.डी. करते.

तर मुद्द्याचं सांगते. अनुदानाचा अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारं आमच्या विद्यापीठात कोणी नाही. ही बढाई नव्हे, अनुभव आहे. दोन वर्षांत मी दोन अर्ज केले आणि दोन्ही नामंजूर झाले. एकाच खड्ड्यात दोनदा पडलेल्या माणसाला तो खड्डा जितका पाठ असतो, तितका तो खणणाऱ्यालाही नसतो.

माझा विषय आहे नावाडी. खाडीवरचे नावाडी घड्याळ न बघता भरतीची वेळ कशी ओळखतात, ते मला लिहायचं आहे. त्यासाठी सहा आठवडे खाडीकाठी जाऊन राहायला हवं आणि त्यासाठी अनुदान मिळायला हवं. यंदाची संधी शेवटची होती. माझ्या गाइड मॅडमनी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, "या उन्हाळ्यात फील्डवर्क झालं नाही तर नोंदणी रद्द. मग घरी बसून नावाड्यांवर कविता कर."

आधीच्या दोन्ही नकारपत्रांत एक वाक्य सारखं होतं : 'अर्जदाराने फील्डवर्कमधील जोखमींचा गांभीर्याने विचार केलेला दिसत नाही.' जोखमीचा एक वेगळा तक्ता असतो. डावीकडे जोखीम, उजवीकडे उपाय. पहिल्या वर्षी मी लिहिलं, 'ऊन. टोपी घालीन.' दुसऱ्या वर्षी सुधारणा म्हणून 'पाऊस. छत्री घेईन.' हे जोडलं.

यंदा माझ्या डोक्यात वीज चमकली. घरात हिरा असताना मी बाहेर काचा का गोळा करतेय? माझ्या सासूबाई एकतीस वर्षं विमा कार्यालयात होत्या, तेही दावे तपासण्याच्या खात्यात. कुणाचं गोदाम जळालं, कुणाची गाडी ओढ्यात गेली की कागद त्यांच्या टेबलावर यायचे. जोखीम या विषयावर त्यांच्याइतकं अधिकाराने बोलणारं माणूस शोधून सापडलं नसतं.

"आई," मी म्हटलं, "एवढा एक तक्ता भराल का?"

त्यांनी चष्मा पुसला. निवृत्तीनंतर चार वर्षांत कोणी त्यांना तक्ता दिला नव्हता. तो त्यांनी असा हातात घेतला, जसं काही माहेरचं पत्र आलंय.

दुसऱ्या दिवशी मी भाजी चिरत असताना त्या वही घेऊन समोर बसल्या.

"तुला पोहता येतं?"

"थोडं येतं."

"थोडं म्हणजे बुडण्याआधी किती वेळ?"

"आई, मी होडीत बसणार आहे. पोहणार नाही."

"बुडणारे सगळे आधी होडीतच बसलेले असतात." त्यांनी काहीतरी लिहिलं. "वाट चुकतेस का?"

"नाही हो."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं, मग वहीत बराच वेळ लिहिलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. दिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

अर्जाची मुदत होती शुक्रवारी दुपारी तीनला. दोन वाजून वीस मिनिटांनी माझे सगळे कागद वेबसाइटवर चढले होते. उरला होता फक्त तक्ता. तो सासूबाईंनी स्वतः टाइप करून, स्कॅन करून पाठवला होता. मी फाइल उघडणार, एवढ्यात मशीन ओरडलं. मी उशी घेऊन धावले, पण उशीर झाला होता. भिंगरी दारात उभी राहून म्हणाली, "माझं स्वप्न तुटलं. ते परत लाव." ते परत लावण्यात पस्तीस मिनिटं गेली. तीनला पाच कमी असताना मी आतल्या खोलीत ओरडून विचारलं, "आई, तक्ता नीट झालाय ना?"

"एक अक्षर लपवलेलं नाही," त्या म्हणाल्या.

मी डोळे मिटून बटण दाबलं.

चार दिवसांनी गाइड मॅडमचा फोन आला. "मी तुला तीन वर्षं ओळखते. तुला डावं-उजवं कळत नाही, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"कळतं की, मॅडम."

"समितीकडे पुराव्यानिशी उलटी माहिती आहे. तक्ता वाच."

मी वाचला. एकोणीस पानं आणि तीन जोडपत्रं.

जोखीम क्रमांक एक : 'संशोधिकेस पोहता येत नाही. विचारल्यास थोडे येते असे सांगते. विश्वास ठेवू नये.'

जोखीम क्रमांक चार : 'दिशांचे ज्ञान नाही. लग्नानंतर सुमारे चार महिने बसथांब्यावरून घरी येताना मागच्या गल्लीत शिरत असे. खातरजमेसाठी सदर गल्लीतील शिंप्यास भेटावे.'

जोखीम क्रमांक सात : 'दुसरा बोलत असताना वाक्य स्वतः पूर्ण करते. नावाडी चिडण्याचा संभव.'

जोखीम क्रमांक नऊ : 'विसराळूपणा. गेल्या वर्षभरात विसरलेल्या वस्तूंची यादी जोडपत्र ब मध्ये.' मी जोडपत्र ब उघडलं. छत्र्या चार. डबे सहा. चष्मा एक, तोही सासूबाईंचा. आणि सर्वांत खाली : 'मुलगी एक. दंतवैद्याच्या दवाखान्यात, अकरा मिनिटे.'

तो दवाखाना माझ्या नवऱ्याचा आहे! दंतवैद्य म्हणजे तिचा बाप! मी तिला बापाकडे सोडून भाजी आणायला गेले होते आणि त्याला सांगायचं विसरले, इतकंच.

मी तक्ता घेऊन सासूबाईंपुढे उभी राहिले. "आई, हे काय आहे?"

"जोखीम," त्या म्हणाल्या.

"हा अनुदानाचा अर्ज आहे. त्यात माणूस स्वतःबद्दल चांगलं लिहितं."

"आणि म्हणूनच दावा फेटाळला जातो." त्यांचा आवाज जराही चढला नाही. "एकतीस वर्षं मी तेच बघितलं. अर्जात सगळे ठणठणीत असतात. पुढे काही झालं की निघतं, हृदय आधीपासूनच कमजोर होतं. मग हातात काय? काही नाही. जे आधी सांगितलं ते भरून मिळतं, जे लपवलं ते मिळत नाही. तू उद्या वाट चुकलीस तर त्यांना म्हणता येणार नाही की आम्हाला माहीत नव्हतं."

"पण त्यांनी मला पाठवलंच नाही तर मी चुकणार कुठे?"

त्यांनी वहीचं नवं पान उघडलं. मग म्हणाल्या, "हा मुद्दा आहे." आणि वहीत लिहायला लागल्या. मी वही काढून घेतली.

रात्री जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने तक्ता शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाला, "आईने घोरण्याचं लिहिलं नाही. म्हणजे तुला सांभाळूनच घेतलंय."

पुढच्या आठवड्यात विद्यापीठाच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा फोन आला. मी भिंगरीला आंघोळ घालत होते, म्हणून सासूबाईंनी उचलला. केस वाळले, वेणी झाली, कपडे झाले, तरी फोन चालूच. मला एका बाजूचं ऐकू येत होतं : "...नाही, नुसतं जॅकेट देऊन चालणार नाही, तिला बंद लावता येत नाहीत... बरोबर... अहो, तेच तर मी म्हणते..."

पन्नास मिनिटांनी फोन ठेवून त्या म्हणाल्या, "फार सज्जन गृहस्थ आहेत. बारा वर्षं त्या खुर्चीत आहेत. म्हणाले, आजवर लोकांनी फक्त ऊन आणि पाऊस लिहिलं."

मी खाली पाहिलं.

मुलाखत ऑनलाइन होती, दुपारी दीडला. मशीनची वायर मी सकाळीच काढून ठेवली होती. पडद्यावर तीन चौकोन उघडले : अध्यक्षबाई, नाव न सांगता फक्त चहा पिणारे एक प्राध्यापक आणि सुरक्षा अधिकारी. मी नावाड्यांवर तयार केलेलं चार मिनिटांचं भाषण मनात घोळवत होते. भरती-ओहोटी, चंद्र, चिखलाचा वास, सगळं त्यात होतं.

"नावाड्यांचं आम्ही वाचलं, चांगलं आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आपण तक्त्याकडे वळू. हा कोणी भरलाय?"

मी तोंड उघडलं, पण दारामागून उत्तर आलं, "मी."

सासूबाई आत आल्या. अंगावर ठेवणीतली साडी होती, म्हणजे त्या दारामागे सहज उभ्या नव्हत्या. सुरक्षा अधिकाऱ्याने पडद्यावरून त्यांना नमस्कार केला. पुढची वीस मिनिटं माझी मुलाखत माझ्याशिवाय झाली. नावाड्याच्या बायकोकडे राहायची सोय करावी, हे ठरलं. गळ्यात शिट्टी असावी, ठरलं. दर संध्याकाळी फोन असावा, हेही ठरलं. मधे मी एक वाक्य बोलायचा प्रयत्न केला, तर प्राध्यापक चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "क्रमांक सात." बास, मी तोंड मिटलं.

मग अध्यक्षबाईंनी पान उलटलं. "एकच राहिलं. क्रमांक सतरा."

सतरा मी वाचलं नव्हतं. घोरण्याच्या चर्चेत ते पान राहूनच गेलं होतं. बाईंनी वाचून दाखवलं :

"'संशोधिका तिसऱ्या दिवशी परत येण्याची शक्यता दाट. कारण : मूल. उपाय : मुलीची काळजी नको, तिला मी सांभाळीन. संशोधिकेला कोण सांभाळणार, याचे उत्तर मजजवळ नाही. रकाना रिकामा सोडत आहे.'"

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"हे खरं आहे का?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "तुम्ही मधेच परतलात, तर पैसे वाया जातील आणि दुसऱ्या कुणाची संधी बुडेल. नीट विचार करून सांगा."

मी नीट विचार केला नाही. मला फक्त एवढं दिसत होतं की तीन वर्षांचं काम एका रिकाम्या रकान्यात बुडतंय. मी छाती पुढे काढून म्हटलं, "साफ चूक आहे. मी जाणार आणि पूर्ण सहा आठवडे राहणार. मुलीची मला जराही काळजी वाटत नाही."

"लिहून दे," सासूबाई म्हणाल्या.

मी लिहून दिलं. सही करताना पेन चाललं नाही. सासूबाईंनी त्यांचं दिलं.

दहा दिवसांनी पत्र आलं : अनुदान मंजूर, पूर्ण सहा आठवड्यांचं. गाइड मॅडमनी फोनवर चक्क अभिनंदन केलं आणि पुढे सांगितलं की तो तक्ता आता नमुना म्हणून सगळ्या अर्जदारांना वाटला जातो, नाव झाकून. नाव झाकल्याचा उपयोग झालेला नाही. परवा ग्रंथालयातला शिपाई मला म्हणाला, "ताई, बाहेरचा दरवाजा तिकडे."

काल दुपारी मी बॅग भरायला काढली. भिंगरी झोपली नाही. बॅगेत बसली, उठली, माझे मोजे मोजून बघितले. मी तिला सगळं समजावून सांगितलं : खाडी, होड्या, पाणी येतं आणि जातं, आणि मी कॅलेंडरची दीड पानं संपली की परत. आजी आहे, बाबा आहे. माझा आवाज इतका स्थिर होता की माझं मलाच कौतुक वाटलं. दारात सासूबाई इस्त्रीचे कपडे घेऊन थांबल्या होत्या.

भिंगरीने सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही, हट्ट केला नाही. मोज्याची एक जोडी तिने बॅगेत नीट ठेवली आणि विचारलं,

"आई, तुला तिकडे माझ्याशिवाय मज्जा येणारे का?"