घाट बंद व्हायच्या आत

हवामान कचेरीतल्या जावयाने यंदा छातीठोक अंदाज बांधला होता: सासूबाई घाट बंद व्हायच्या आत आपल्या घरी जाणार. डोंगरातलं गाव ते. पहिला बर्फ पडला की घाट बंद, मग जो जिथे असेल तो वसंतापर्यंत तिथेच. उन्हाळ्यात चार दिवसांसाठी म्हणून आलेल्या सासूबाई मात्र शरद लागला तरी हलल्या नव्हत्या.

बाई मायाळू, यात वादच नाही. पण काळजी तरी किती करावी माणसाने? दिवसातून चारदा कचेरीत फोन. "जावईबापू, कपडे बाहेर वाळत घालू ना?" सगळ्या कचेरीदेखत हा बिचारा खिडकीतून आभाळ बघून सांगायचा, "घाला, आई." असा अख्खा हिवाळा काढायचा, या नुसत्या विचाराने तो बसचं वेळापत्रक चाळायला लागे.

आणि यंदाच्या शरदाचा अंदाज नेमका काय निघावा? लख्ख ऊन, कोरडी हवा, बर्फ उशिरा. रेडिओवर तो त्यालाच वाचून दाखवावा लागला. सासूबाईंनी ऐकला आणि अर्धी भरलेली बॅग रिकामी करून खुशाल माळ्यावर टाकली.

मग त्याला दुर्बुद्धी सुचली. जेवताना आवाज खाली आणून तो म्हणाला, "आई, बाहेर बोलू नका, पण बर्फ लवकर पडणार आहे. शनिवारच्या बसचं तुमचं तिकीट काढलंय."

"मग रेडिओवर ऊन सांगितलंत ते?"

"लोक घाबरायला नकोत म्हणून."

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की तो भराभर जेवायला लागला.

"मी कशाला कुणाला सांगतेय?" सासूबाई म्हणाल्या.

सांगितलं फक्त शेजारणीला, तेही शपथ घालून. शेजारणीनेही शपथ घालूनच पुढे सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत किराणा दुकानात मेणबत्ती औषधालाही उरली नाही, आणि बसस्टँडवर ही लांब रांग लागली.

मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. "कोण उठवतंय ही अफवा? शोधून काढा. तुमच्याइतका विश्वासाचा माणूस नाही माझ्याकडे."

तो स्वतःलाच शोधायला बाहेर पडला. नोकरीची धाकधूक होतीच. पण शनिवारची बस सासूबाईंना घेऊन सुटू दे, मग व्हायचं ते होवो, असं त्याने मनाला बजावलं.

"बर्फबिर्फ काही नाही हो," त्याने दुकानदाराला कळवळून सांगितलं.

दुकानदाराने डोळा मारला. "कळतं आम्हाला, साहेब. तुम्हाला बोलायची चोरी."

जितकं नाकारावं तितकी अफवा पक्की. हात हलवत कचेरीत परत येऊन पाहतो, तर मोठे साहेब घरच्यांच्या तिकिटांसाठी फोनवर गयावया करताहेत.

"साहेब, अंदाजावर सही तर तुमचीच आहे."

"म्हणूनच तर काळजी वाटतेय," साहेब म्हणाले. अफवेचा शोध तिथेच थांबला.

शनिवारी तो सासूबाईंना स्टँडवर न्यायला घरी गेला, तर त्या निवांत बसलेल्या.

"शेजारणीच्या सुनेला दिवस गेलेत. बर्फात ती पोर अडकली म्हणजे? तिला माहेरी जायचं होतं, माझी जागा देऊन टाकली."

"मग पुढच्या बसने जा," त्याचा आवाज चिरकला.

"कुठली पुढची? ड्रायव्हर म्हणाला, आता गाडी खाली नेतो ती वसंतातच आणतो."

त्यानंतर असं ऊन पडलं की विचारू नका. आभाळात ढगाचा ठिपकाही नाही. उभ्या नोकरीत त्याचा अंदाज इतका तंतोतंत कधी खरा ठरला नव्हता, आणि गावात जो भेटेल तो विचारी, "काय साहेब, कुठंय बर्फ?" हा मान खाली घालून पुढे जाई.

शेवटी ड्रायव्हरलाच लाज वाटली आणि तो बस घेऊन परत आला. हॉर्न ऐकताच जावई धापा टाकत घरी पोचला.

"आई, चला, बस आली! घाट मोकळा आहे."

सासूबाईंनी त्याच्याकडे भरल्या डोळ्यांनी पाहिलं. "नाही, जावईबापू. तुमचा अंदाज चुकला, सगळं गाव तुम्हाला हसतंय. अशा वेळी तुम्हाला टाकून जाऊ? इतकी का मी परकी? वसंतापर्यंत मी इथून हलत नाही."

अंदाज बरोबरच होता म्हणावं, तर खोटं कोण बोललं हेही सांगायला हवं. बायको दारात हसू दाबत उभी होती.

"थांबा ना, आई," तो म्हणाला. "तेवढाच मला धीर."