कपडे सुकविणाऱ्या यंत्रास झूल चढविली त्याची हकीकत

श्रीसूर्यनारायण प्रसन्न असो, आणि ज्या मासी तो प्रसन्न नसेल त्या मासी वीजमंडळ तरी असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आषाढमासी एके राज्यी जे वर्तमान जाहले ते लिहिले असे. राज्य तिसऱ्या मजल्यावरील. पूर्वेस जिना, पश्चिमेस शेजाऱ्यांची भिंत, ऐसी सरहद्द. तेथे राजे हेरंबराव राज्य करीत होते. राजे कचेरीत शूर, परंतु घरी कोणाचे मन दुखविण्याचा प्रसंग आला म्हणजे त्यांस एकाएकी फोन येत असे. राणीसाहेब मृण्मयीबाई नुकत्याच प्रसूत जाहल्या होत्या, आणि युवराज घटकेघटकेस लंगोट भिजवीत होते, आणि आकाश पंधरवडा उघडले नव्हते, आणि घरभर दोऱ्या बांधोन लंगोट टांगिले तरी एक वाळत नव्हता, आणि ओलीने युवराजांच्या मांड्यांस पुरळ उठोन त्यांनी राज्य डोक्यावर घेतले होते. मग राजियांनी मसलत करोन कपडे सुकविणारे यंत्र, ज्यास ड्रायर म्हणतात, ते आणविले. यंत्राने पहिल्याच दिवशी लंगोट ऐसे ऊन व मऊ काढून दिले की युवराज दोन प्रहर निजले, आणि राणीसाहेबांनी यंत्रास हळदकुंकू वाहिले.

राजियांच्या मातोश्री सुमतीबाईसाहेब. थोरले महाराज कैलासवासी जाहले तेव्हा त्या गाव सोडून लेकाच्या राज्यात आल्या, आणि सोबत शिवणाचे यंत्र आणिले, परंतु वर्षभर त्यास हात लाविला नाही, आणि विचारिल्याखेरीज बोलत नसत. त्यांनी ड्रायरावरून बोट फिरविले आणि म्हणाल्या, "अगं बाई, एवढी मोलाची वस्तू आणि उघडी? धूळ बसेल की." या राज्याची रीतच ऐसी की मिक्सरास झूल, टीव्हीस झूल, रिमोटासही प्लास्टिकची झूल, उघडी वस्तू म्हणजे घरात बाईमाणूस नाही ऐसे लोक समजत. मग मातोश्री शिवावयास बसल्या, आणि जाड रजईच्या कापडाची किरमिजी झूल केली, कडेस झालर लाविली, दार उघडावे म्हणोन पुढे पडदा ठेविला, आणि मागे भुईपर्यंत घोळ सोडून नाड्यांच्या निरगाठी मारिल्या, जेणेकरोन झूल न काढिता कपडे घालावे व काढावे. ऐशी बेमालूम शिवण की पाहणारा थक्क व्हावा. झूल चढली आणि मातोश्री वर्षात प्रथम हसल्या. ते पाहोन राजियांचे डोळे भरून आले.

पुढे चार दिवसांत यंत्र रुसले. पिंप गरगर फिरे, परंतु वारा गार. लंगोट जैसा ओला घालावा तैसा ओला निघे. मग कंपनीस खलिता गेला आणि कंपनीचे वकील तांबोळी मिस्त्री पेटी घेऊन आले. त्यांनी झूल उतरविली, जाळीतून कापसाचा भुगा काढिला, पाठ उघडून पाहिली, थर्मल फ्यूज बदलिला, आणि म्हणाले, "साहेब, मशीन लई तापलं म्हणून फ्यूज उडाला. त्याला मागनं वारा लागतो, आणि ह्या कापडानं—" इतक्यात मातोश्री चहा घेऊन आल्या आणि पुसिले, "शिवण कशी जमलीय, मिस्त्री?" मिस्त्रींनी त्यांच्या मुखाकडे पाहिले, झुलीकडे पाहिले, आणि म्हणाले, "झ्याक, आज्जी. लई झ्याक!" आणि चहा पिऊन जिना उतरते जाहले. राजियांस सर्व उमगले. परंतु मातोश्रींनी झूल पुनश्च चढविली आणि निरगाठी मारिल्या, आणि राजे पाहत उभे राहिले, आणि त्यांस फोन आला.

फ्यूज पुनश्च उडाला. मग राजियांनी शत्रू सोडून अवघ्या मुलखावर स्वारी केली. विजेचा दाब कमी म्हणोन तारा बदलविल्या. भिंतीस ओल म्हणोन यंत्र वीतभर पुढे ओढिले. झूलही वीतभर पुढे आली. पट्टा ढिला म्हणोन पट्टा बदलिला, जो अगदी नवा होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ऐसा कारभार चालिला. मग कंपनीने कळविले की त्या जातीचे फ्यूज संपले, येतील तेव्हा येतील. तेव्हा राजे जातीने जुन्या बाजारी गेले, आणि भंगारवाल्यांच्या ढिगांत शिरले, आणि एके हॉटेलाच्या मेल्या यंत्रांतून फ्यूज काढवून मूठभर घेऊन परतले, जणू गड घेतला. मिस्त्री येत, फ्यूज बसवीत, शिवणीची तारीफ करीत, चहा पीत आणि जात. भांडी घासणारी मंगल एके दिनी राणीसाहेबांच्या कानी लागली, "वहिनी, त्या मशीनला गोधडीत कोंबलंय, ते चालंल कसं?" राणीसाहेबांसही ते ठाऊकच होते. त्यांनी राजियांस गाठिले. "अहो, आई तुमच्या आहेत. तुम्ही सांगा."

"तू बोललीस तर गोडीत निघेल."

"वा! सुनेनं बोलायचं, आणि सासूची हौस मोडली म्हणून जन्मभर नावं ठेवून घ्यायची?"

आणि झूल तैसीच राहिली. इकडे युवराजांच्या मांड्या सोलवटल्या, आणि वैद्य डॉक्टरीणबाईंनी राणीसाहेबांस सर्वांदेखत खडसाविले की पोरास कोरडे का ठेवीत नाही. राणीसाहेब घरी आल्या त्या पेटी भरावयास लागल्या. "माझ्या माहेरी ऊन आहे. उद्या बाळाला घेऊन निघते. तुम्ही झूल सांभाळा." मग राजियांच्या पायांखालील जमीन सरकली, आणि त्यांनी फोन बंद करोन मातोश्रींच्या दालनी प्रवेश केला.

"आई, ती झूल... धुवायला काढू या का?"

"या दिवसांत? वाळेल कशावर?" मातोश्री म्हणाल्या.  राजे घाम पुशीत एका दमात बोलिले की यंत्र कोंडते, तापते, फ्यूज उडतो, तो झुलीपायी.

 मातोश्रींनी पुसिले, "मिस्त्रीला ठाऊक होतं?"

"हो."

"मृण्मयीला?"

"हो. मंगललाही."

"म्हणजे अख्ख्या घराला ठाऊक. आणि मी आपली रोज त्या लेकराच्या सोललेल्या मांड्यांना खोबरेल लावतेय, आणि देवाला विचारतेय की याचं दुखणं कशानं जाईल."  "हेरंबा, मला नातवापेक्षा फडकं प्यारं आहे, असं वाटलं तुला?"

राजे लहान मुलासारखे रडले. मातोश्री उठल्या, निरगाठी सुटेनात म्हणोन कात्रीने नाड्या कापिल्या, आणि झूल ओढून काढिली. राजियांनी मुठीतला एक फ्यूज मिस्त्रींकडून बसवून घेतला, यंत्र ऊन जाहले, आणि राणीसाहेबांनी पेटीतील लंगोट काढून यंत्रात घातले. मातोश्री राजियांशी आठवडाभर बोलिल्या नाहीत. नातवाशी पुष्कळ बोलत.

पुढे युवराजांच्या बारशास मंडळी जमली. शेजारच्या संस्थानचे दामलेकाका पुसते जाहले की यंत्रास काय जाहले होते. राजियांनी छाती पुढे काढून सांगितले, "फ्यूजचा प्रॉब्लेम होता. फार दुर्मिळ भाग. मी स्वतः हुडकून आणला." तो मुदपाकखान्यातून मातोश्रींचा आवाज भर सभेत आला, "फ्यूज कसला डोंबलाचा! माझी झूल होती. आणि हे सगळे मला भीत होते."

येणेप्रमाणे ड्रायराची मोहीम समाप्त जाहली. फत्ते मातोश्रींची. राजे पेढे वाटावयास गेले.