घड्याळजींची चूल

डिश भंगारात जाणार हे ठरलं होतं. भंगारवाला दुपारी तीनला यायचा होता. घड्याळजींनी बायकोकडून तोवरची मुदत मागून घेतली होती, आणि नेमके त्याच दिवशी मुलीचे सासरे जेवायला येणार होते.

डिश म्हणजे गच्चीवरची टीव्हीची जुनी छत्री. घड्याळजींनी तिला आतून आरशाचे तुकडे चिकटवले होते आणि समोर काळा रंगवलेला डबा टांगला होता. उन्हावर भात झकास शिजे. पण सूर्य सरकला की दर वेळी उठून डिश सरकवायची. ह्या कटकटीला बायको विटली होती. म्हणून घड्याळजींनी महिनाभर खपून एका मनोऱ्यावरच्या बंद घड्याळाचं यंत्र डिशला जोडलं. आता तासकाट्याच्या गतीनं डिश आपोआप फिरणार होती.

"कुणी हात लावायचा नाही," दहा वाजता चावी देऊन त्यांनी बजावलं. "माझ्या हातचं यंत्र आहे. मिनिटभर इकडचं तिकडे व्हायचं नाही."

व्याही आले. भूगोलाचे निवृत्त मास्तर. बोलणं कमी, ऐकणं फार. घड्याळजी यंत्राचं कौतुक सांगताना थकेनात. बायको मात्र दर पंधरा मिनिटांनी उठे.

"कपडे वाळले का बघून येते."

"अगं, पाहुणे बसलेत! किती वेळा बघशील?"

"ऊन आहे तोवर बघते," म्हणत ती जिना चढे.

साडेबाराला सगळे गच्चीत गेले. झाकण उघडताच वाफेचा लोट आला. भात मोकळा, बटाटे मऊ. घड्याळजींची छाती फुगली.

"तासकाट्याची फेरी किती तासांची हो?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"बारा तासांची!"

"आणि सूर्याची?"

घड्याळजी बोटांवर मोजू लागले. सूर्याला चोवीस तास लागतात. म्हणजे डिश सकाळपासून दुप्पट वेगानं पळत होती. एव्हाना तिनं सूर्याला मागे टाकून शेजारच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करायला हवं होतं. ती तर सूर्याकडे नीट रोखून बघत होती.

त्यांनी दोरीकडे पाहिलं. दोरीवर एकही कपडा नव्हता. आरशांच्या झगमगाटासाठी आणलेला काळा चष्मा बायकोनं घाईघाईनं पदराआड केला. एवढी विटलेली बाई व्याह्यांपुढे नवऱ्याची लाज राखायला दहा वेळा जिना चढून डिश मागे सरकवून आली, हे ध्यानात येऊन त्यांना एकदम भरून आलं.

तीनच्या ठोक्याला भंगारवाला आला. बायको त्याला वर घेऊन गेली.

"डिश राहू दे, छान चालते," ती म्हणाली. "हे यंत्र तेवढं ने."

घड्याळजी खाली गेले, पाना घेऊन आले आणि यंत्राचे नट सोडवू लागले.