ढोबळेकाकांची तीन बोटं

ढोबळेकाका रस्त्यात भेटले की नमस्कार-चमत्कार करत नाहीत. ‘‘आ कर,’’ म्हणतात.

तब्येत कशी, पोरगी कितवीत, असल्या फालतू चौकशा नाहीत. ‘‘आ कर. तीन बोटं एकावर एक उभी टाक. जातेत का?’’ आता मला सांगा, सक्करदऱ्याच्या भर बाजारात, एका हातात पालक आणि दुसऱ्या हातात हेल्मेट असताना सभ्य माणसानं तोंडात बोटं घालायची कशी? पण काका हटत नाहीत. आमच्या गल्लीत वरात आली तेव्हा त्यांनी नवरदेवाला घोड्यावर आ करायला लावलं होतं. त्याची तीन गेली म्हणून बँड पुढे सरकला, नाहीतर मुहूर्ताचं काही खरं नव्हतं.

या सगळ्याला कारण खर्रा. ज्यांना माहीत नाही त्यांचं भाग्य थोर! सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकून ठेलेवाला रगड रगड रगडतो, आणि ती पुडी खिशात पडल्याशिवाय आमच्याकडे कित्येकांचा दिवस सुरू होत नाही. खाता खाता गाल आतून आखडतो आणि तोंड उघडेनासं होतं. तीन बोटं गेली तर ठीक, नाही गेली तर दवाखाना गाठ, हे काकांचं शास्त्र. मीही तेव्हा दिवसाला दोन पुड्यांचं गिऱ्हाईक होतो. काका लांबून दिसले की गल्ली बदलायचो.

काका आरोग्य खात्यात पेंटर होते. उभी नोकरी डास, जंत आणि हत्तीरोगाचे पाय रंगवण्यात गेली. रिटायर झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, यांनी घरी पोस्टरं काढायला घेतली. बरं, सगळ्या पोस्टरांवर चित्र एकच. नाकात खडा घातलेली एक बाई. डोळे गच्च मिटलेले आणि तोंड असं उघडलेलं की पडजीभ दिसावी. तोंडासमोर तीन बोटं. खाली एकच ओळ, ‘आ करा, तीन बोटं जातात का पाहा.’ कवटी नाही, विंचू नाही, सडका गाल नाही.

‘‘काका, ठेल्यावर उभे राहतो आम्ही बाप्ये, अन् चित्रात बाई काहून?’’ मी एकदा विचारलं.

‘‘सडका गाल पाहून माणूस तोंड फिरवते. उघडं तोंड पाहून तोंड उघडते. पोस्टर भेव दाखवाले नसते गा, कराले लावाले असते.’’

आणि ते खरं होतं! खर्ऱ्याच्या ठेल्याशेजारी पोस्टर लागलं आणि समोर उभा राहणारा जो तो नकळत आ करू लागला. जांभई देणाऱ्यांची रांगच! एक बाई गाण्याचा क्लास कुठे आहे म्हणून विचारून गेली. हे बघून चौकातल्या गुपचुपवाल्यानंही हात पसरला. ‘‘चाचा, एक हमको भी दो. ग्राहक का मुँह खुलना मंगता.’’ गुपचूप म्हणजे बाकी महाराष्ट्राची पाणीपुरी. काकांनी त्याला दिलं, तेही सगळ्यात मोठं.

तेव्हापासून काका रोज संध्याकाळी त्या गाडीजवळ उभे. खात काहीच नाहीत, नुसते खाणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहतात. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे गल्लीत नाही नाही ते बोललं जाई. पंगतीलाही त्यांची तीच तऱ्हा. पातळ वरणात भात कालवायचा, भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि ‘‘माझं झालं’’ म्हणून उठायचं. बोलणं तर दातांच्या फटीतून. मी त्यांची हुबेहूब नक्कल करतो, म्हणजे करायचो. गणपतीच्या कार्यक्रमात केली तेव्हा लोक हसून लोळले. काका पहिल्या रांगेत होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, ओठ मिटून.

मग मागच्या उन्हाळ्यात बायकोनं गुपचुपचा हट्ट धरला. मी द्रोणात पहिली पुरी घेतली, बोटानं दाबून दोन तुकडे केले आणि खाल्ली. गाडीच्या पलीकडून आवाज आला, ‘‘कधीपासून फोडून खाऊन राहिला गा?’’

‘‘काही नाही काका, हळूहळू खाल्ली की चव लागते.’’

‘‘गुपचूप हळूहळू खात नसतेत. आ कर.’’

बायको बघत होती. पळायला गल्ली नव्हती. मी आ केला. दोन बोटं गेली. तिसरं नखापाशी अडलं. जोर लावला, गालात कळ आली, पण ते काही आत जाईना.

‘‘माझी बोटंच जाडी आहेत,’’ मी हसत म्हणालो. बायकोच्या द्रोणातलं पाणी साडीवर सांडत होतं आणि तिला पत्ता नव्हता.

काका हसले नाहीत. ‘‘पाह्य माझं,’’ म्हणाले आणि त्यांनी आ केला. म्हणजे करायचा प्रयत्न केला. आत गेली ती एक करंगळी. लाज वाटली हो! मी ज्याची नक्कल करून टाळ्या घेतल्या, ते हे होतं.

‘‘नोकरीत असताना गालात खर्रा धरूनच मी खर्ऱ्याचे पोस्टर रंगवले गा,’’ काका म्हणाले. ‘‘कवट्या काढल्या, सडके गाल काढले. माझ्यावरच काही असर नाही झाला. इथंच या गाडीवर येत होतो आम्ही. आमची मंडळी अख्खी पुरी खाये, डोळे मिटून. मी फोडून. ती म्हणे, काहून फोडता जी, डॉक्टरले दाखवा न. मी म्हणलं, अख्खी खाल्ली की पाणी सांडते.’’

मी गाडीवरच्या पोस्टरकडे पाहिलं. नाकात खडा. मिटलेले डोळे. तिच्या तोंडासमोरची पुरी तेवढी काकांनी काढली नव्हती, तिथं तीन बोटं काढली होती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या रांगेत काका माझ्याआधी हजर. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले. खर्रा बंद, तिखट बंद, गालात सुया आणि रोज दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या घालून व्यायाम. पहिला महिना मी घरादाराला आणि काकांना मनसोक्त शिव्या घातल्या. काका रोज येत, शिव्या ऐकत आणि म्हणत, ‘‘एक काडी वाढव.’’

परवा डॉक्टरांनी तिखटाची परवानगी दिली. संध्याकाळी मी आणि काका गाडीवर गेलो.

‘‘अख्खी टाक,’’ काका म्हणाले.

टाकली. पाणी नाकात गेलं, ठसका लागला, डोळ्यांतून धारा. पण गेली!

‘‘तिखट आहे?’’

‘‘आहे काका.’’

‘‘फुटली तेव्हा आवाज आला आतमध्ये?’’

‘‘आला.’’

काकांनी पोस्टरकडे पाहिलं. मग गाडीवाल्याला म्हणाले, ‘‘याले अजून एक दे. माझ्या वाटची.’’

मी डोळे मिटले आणि आ केला.