शिडीचं पत्र

निवृत्त पोस्टमनकाकांनी ग्रंथालयातल्या ज्येष्ठांच्या संगणक वर्गात एक बटण दाबलं आणि पस्तीस वर्षांची अब्रू क्षणात वेशीवर टांगली.

गृहपाठ साधा होता. जवळच्या माणसाला ईमेल लिहायचा आणि तपासायला फक्त ग्रंथपालबाईंना पाठवायचा. काकांनी लिहिलं वरच्या मजल्यावरच्या धाकट्या भावाला. 'तुझी शिडी माझ्याकडेच आहे. नाही म्हणालो ते खोटं. तीन वर्षं तू बोलत नाहीस, घर खायला उठतं रे. चुकलो.' भावाला हे दाखवायची काकांची छाती नव्हती, पण बाईंना दाखवायला काय जातंय? आणि नेमकं बाईंच्या नावाऐवजी 'सर्व विद्यार्थी' यावर बोट पडलं!

पुढच्या गुरुवारी वर्गात शिरताच निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी एक कागद पुढे केला. "दोन चुका आहेत, लाल शाईने दाखवल्यात. भावना ठीक."

"लेखी कबुली कशाला दिलीत हो?" वकीलसाहेब कळवळले.

काका ग्रंथपालबाईंकडे धावले. "बाई, परत नाही का मागवता येणार?"

"गेलं ते गेलं, काका," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "आपल्या वर्गाला, आणि मंगळवारच्या वर्गालाही."

"म्हणजे जगाला मिळालं, ज्याचं त्याला सोडून!" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "कसले हो तुम्ही पोस्टमन?"

हे मात्र काकांना झोंबलं. उभ्या नोकरीत एक पत्र त्यांनी चुकीच्या दारात टाकलं नव्हतं. त्यांनी पत्र छापून घेतलं, घरी येऊन माळ्यावरची शिडी काढली आणि कठड्यावर आपटत, धापा टाकत वर नेली. दाराशी मात्र बेलपर्यंत हात जाईना. शेवटी सवयीनंच तोंडातून निघालं, "पत्रं!"

धाकट्याने दार उघडलं. आधी शिडीकडे पाहिलं, मग कागदाकडे. "हे मला परवाच मिळालंय, दादा. मंगळवारी, वर्गात."

"तू पण जातोस वर्गाला?"

"चोरून. तू हसशील म्हणून."

"मग दोन दिवस गप्प का बसलास रे गाढवा?" काकांनी शिडी भिंतीला टेकवली.

धाकट्याने त्यांना हाताला धरून आत नेलं. टेबलावरच्या संगणकात 'प्रिय दादा' पासून पानभर मजकूर तयार होता.

"गप्प कुठे? कालच लिहून झालंय," तो डोळे पुसत म्हणाला. "पण पाठवायचं कसं, ते आम्हाला पुढच्या मंगळवारी शिकवणार आहेत."