बयाजी आणि खांद्यांचं माप

आमचा बयाजी नव्या माणसाला नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. "उभं ऱ्हावा जरा," म्हणतो आणि हातातली काठी त्याच्या खांद्याला लावतो. माप जिथं येईल तिथं कोयत्याच्या टोकानं बारीक खाच पाडतो, मान हलवतो आणि मगच "बसा, च्या घ्या" म्हणतो. एकदा एक विमावाला वाडीवर आला होता. त्याचं माप घेतलं, तर तो च्या न घेताच उतरून गेला. पुन्हा आला नाही.

यात येडेपणा काही नाही, हे आधीच सांगतो. बयाजीला येडा म्हणायचा हक्क फक्त माझा आहे. आमची वाडी हिर्डोशीच्या वर, डोंगराच्या अंगाला. गाडीरस्ता खाली सरकारी उपकेंद्रापाशी संपतो, तिथनं वर तासभर पायवाट. वाडीत कुणी आजारी पडलं आणि चालवेना, की लांब बांबूला घोंगडी बांधायची, तिच्यात माणूस निजवायचा आणि पुढं एक, मागं एक असं खांद्यावर घेऊन उतरायचं. ही आमची डोली. आता सपाटीला दोघांचे खांदे सारखे नसले, तर आतला माणूस एकीकडं घरंगळतो. उताराला उलट, तिथं उंच गडी पुढं पाहिजे, नाहीतर मागच्यानं गुडघ्यात वाकून चालायचं. कुणाची जोडी कुणाशी, कुठल्या वळणावर खांदा बदलायचा, हे सगळं बयाजीच्या काठीवर आहे. खाच कुणाची ते विचारा, डोळे मिटून बोटानं चाचपून सांगतो.

माझी आणि त्याची खाच एकच आहे. त्यानं दोन पाडल्या होत्या, पण त्या एकमेकींत गेल्या. म्हणून जवानीपासनं आम्ही दोघं जोडीनं डोली धरत आलो. आमच्या डोलीत पाण्याचा तांब्या ठेवला तरी सांडायचा नाही, असं लोक म्हणायचे. लोक खरं म्हणायचे.

एकदाच त्याचं माप चुकलं. एक पोरगा पुण्यावरनं जाड तळव्याचे बूट घालून आला होता. बयाजीनं बुटासकट मापला. चार दिवसांनी डोली निघाली, पुढं हाच पोरगा, तर ओढ्याच्या चिखलात बूट रुतायला लागले म्हणून त्यानं ते काढून हातात घेतले. डोली वाकडी झाली, आणि आतली म्हातारी पायाकडं सरकत सरकत त्या पोराच्या पाठीला टेकली. तिनं खालपर्यंत त्याला ज्या शिव्या दिल्या, त्यातल्या दोन मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्या.

तेव्हापासनं बयाजी आधी पायताण काढायला लावतो. आमदार उपकेंद्राच्या नव्या पत्र्याचं उद्घाटन करायला आले होते, तर हा पुढं होऊन म्हणाला, "सायेब, पायतान काढा." आमदारांना वाटलं, हितं देवस्थान आहे. त्यांनी मुकाट्यानं बूट काढले आणि उपकेंद्राच्या भिंतीला हात जोडले. मागनं सगळ्या पुढाऱ्यांनी जोडले. बयाजीनं तेवढ्यात खाच पाडून घेतली. म्हणाला, "आमदार आन पोस्टमन, जोडी चांगली हाय."

पण खरं तर आमदारांनी हात जोडले त्यात चूक काहीच नव्हती. त्या उपकेंद्रात आमची सिस्टर असते. वाडीवर कुणाला बरं नसलं की ती पिशवी घेऊन तासभर चढून येते. बघते, तपासते, सुई देते, आणि खाली न्यायचं का नाही ते सांगते. ती आल्यापासनं निम्म्या डोल्या वाचल्या. बयाजीला डोलीचा एवढा अभिमान, पण घोंगडी महिनाभर गुंडाळलेली राहिली की हा खूश. सिस्टरचं माप घ्यायला गेला तेव्हा ती म्हणाली, "आबा, मी डोली धरनार न्हाई, डोली थांबवनार." त्या दिवशी बयाजीनं खाच न पाडता काठी खाली घेतली. दुसऱ्या कुणासाठी असं केलेलं मी बघितलं नाही.

आणि मग तो कायदा आला.

आला म्हणजे मुंबईत येऊ घातला होता. आरोग्याच्या सुधारणेचा कायदा. त्यात असं होतं, की हायवेला एक मोठा दवाखाना बांधायचा, तिथं सगळी यंत्रं, सगळे डॉक्टर, दिवसरात्र उघडा. आणि त्याच्यासाठी डोंगरातली लहान उपकेंद्रं मिटवून त्यांच्या सिस्टरी खाली न्यायच्या. कायदा आमच्याच पक्षाचा. पण त्यावरनं पक्षाचेच दोन भाग झाले. शिवरे, कापूरहोळ अशी हायवेकडची माणसं म्हणाली, झालाच पाहिजे. तिथं रोज गाड्या ठोकरतात, माणसं रस्त्यात जातात, त्यांचंही खोटं नव्हतं. आमच्या बाजूची आणि वेल्ह्याकडची डोंगरातली माणसं म्हणाली, होऊ देणार नाही. त्यांना सगळे 'खालचे' म्हणायला लागले आणि आम्हाला 'वरचे'. एकाच पक्षाचे लोक कापूरहोळला दोन वेगळ्या टपऱ्यांवर च्या प्यायला लागले. मोबाईलवर पक्षाचे ग्रुप दोन झाले, दोन्हींना नाव तेच आणि फोटो एकाच साहेबांचा.

बयाजी वाडीचा पक्षप्रमुख. तो पहिल्या दिवसापासनं कायद्याच्या विरोधात. आणि मी पक्षाचा.

मी चौथी शिकलेला माणूस. मला फार कळतं असं मी म्हणत नाही. पण वाडीत पक्षाचा पहिला बोर्ड मी रोवला. पक्षानं सांगितलं आणि मी ऐकलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं. साहेब बदलले, आमदार बदलले, माझा हात पक्षाबरोबर वर आणि पक्षाबरोबर खाली. हे मी छाती काढून सांगत आलो.

बयाजी पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "मारत्या, तू बोर्डाचा का मानसांचा?"

मी म्हटलं, "बोर्ड म्या रवलाय. तू तवा खड्ड्यात माती लोटायला सुदीक आला नव्हतास."

झालं. बोलणं बंद. तो वरच्या वाटेनं गेला की मी खालच्या.

त्यातच वाडीतली पारूआक्का शेणाच्या उकिरड्यावर घसरून पडली. सिस्टर वर आली, बघून म्हणाली, मांडीचं हाड गेलंय, खाली न्यायलाच लागंल. जवान पोरं सगळी पुण्यात. बयाजीनं काठी चाचपली, दुसरी जोडी मिळंना. शेवटी माझ्या दारात येऊन नुसता उभा राहिला. मी घोंगडी उचलली.

तो पुढं, मी मागं, मधी आक्का. थोड्या वेळानं बयाजी म्हणाला, "आक्के, त्याला सांग, डाव्या अंगाला दगूड निसटलाय."

आक्का कण्हत म्हणाली, "मारत्या, दगूड."

मी म्हटलं, "आक्के, त्याला म्हनावं, ही वाट मलाबी ठावं हाय."

"बयाजी, त्याला ठावं हाय म्हनं."

"ठावं असती तर पक्ष निवडताना आंधळा झाला नसता, म्हनावं."

आक्का घोंगडीतनंच ओरडली, "मुडद्यांनो, मोडलेलं हाड माजं हाय! बोलायचं आसंल तर एकमेकांशी बोला, न्हाईतर खाली ठिवा, म्या चालत जाते!"

आम्ही पाय जपून टाकले, डोली हलू दिली नाही. खाली भोरच्या सलीमभाईची जीप उभी होती. तो वरच्यांतला, पक्षाचा जुना माणूस. आक्काला जीपमधल्या बाकावर घेताना म्हणाला, "सिस्टरनं फळी बांधली नसती तर म्हातारीचं हितवर येताना हाल झालं आस्तं." बयाजी माझ्याकडं बघत होता. मी बांबू पुसत होतो.

पक्षाची तालुक्याची बैठक भोरला एका मंगल कार्यालयात ठरली. कायद्याला पाठिंबा द्यायचा का नाही, ते हात वर करून ठरवायचं आणि आमदारांना कळवायचं. आमदार मुंबईत तसं बोलणार. अध्यक्ष नवरानवरीच्या खुर्चीत बसले. खालचे नवरदेवाच्या बाजूला, वरचे नवरीच्या. त्यामुळं पाणी आधी खालच्यांना मिळालं. मी मधल्या वाटेच्या कडेला एकटा बसलो.

अध्यक्ष चांगलं बोलले. यंत्रांची नावं घेतली. मग म्हणाले, "वरच्यांना काय म्हनायचं आसंल ते म्हनू द्या."

बयाजी काठी टेकत उठला. "अध्यक्षसायेब, हायवेच्या दवाखान्याला माजा इरोद न्हाई. बांदा. दोन मजलं जास्ती बांदा. पर माजं एकच इचारनं हाय. ह्या काठीवर आमच्या वाडीचं खांदं हायत. ह्यो पुन्याला, ह्यो भोसरीला, ह्यो वारला, ह्याची कंबर धरली." बोट खाचांवरनं उतरत उतरत खाली आलं. "वाडीत ऱ्हायली एकच जोडी. ती बी म्हाताऱ्यांची. तुमी दवाखाना लांब नेताय, तर खांदं कुठनं आनायचं, त्ये बी कायद्यात लिवा."

खालच्यांतला एक जण हसला. त्याच्या शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

अध्यक्ष म्हणाले, "आहो, वाडीपत्तुर रस्ता होनारच हाय."

"व्हय? मंग ज्या दिवशी गाडी माज्या दारात यील, त्या दिवशी उपकेंद्र मिटवा. कुलूप म्या सोता लावतो."

"बयाजी, पक्षाच्या इरोदात गेलात तर प्रमुखपद ऱ्हायचं न्हाई."

"न्या की. जड व्हतं काय मला!" असं म्हणून खाली बसला. पण त्याच्या मानेची शीर उडत होती. पद त्याला आवडायचं. पत्रिकेवर नाव यायचं.

मतदानाआधी च्या झाला. सलीमभाई वरच्यांचे हात गोळा करत फिरत होता. माझ्याजवळनं दोनदा गेला आणि दोन्हीदा मान खाली घालून गेला. मला ते लागलं. मी त्याला आडवा झालो.

"सलीमभाई, सगळ्यांना इचारता. माज्याकडं बगत सुदीक न्हाई. म्या काय मेलो का?"

सलीमभाई हातातला कप फिरवत राहिला. मग म्हणाला, "मारुतीआबा, म्या तुमच्याकडंच पयला येनार व्हतो. बयाजीआबांनी मनगाट धरलं."

"काय म्हनाला?"

"म्हनाले, त्याच्याकडं जाऊ नगा. त्याची कारभारीन गेली, पोरं पुन्यात ऱ्हायली. आता त्याला पक्षच हाय. त्यो पक्ष बी सुटला तर त्यानं घरात कुनाशी बोलायचं? एक हात कमी पडंल तर पडू द्या, म्हनाले. पर त्याला कुनी कोंडीत धरायचं न्हाई."

मला सांगायला लाज नाही, मला आधी रागच आला. माझी कीव करतो! ज्याच्या बरोबरीनं मी उभी हयात ओझं वाहिलं, तो माझ्या मागं माझी कीव करत फिरतो! मी च्या तसाच ठेवला आणि जागेवर जाऊन बसलो.

अध्यक्ष म्हणाले, "कायद्याला पाठिंबा ज्यांचा, त्यांनी हात वर करा." खालच्यांची बाजू वर झाली. काही जणांनी माझ्याकडं बघितलं. माझे हात मांडीवर होते. मोजणाऱ्यानं मोजले.

"इरोद ज्यांचा..."

मी हात वर केला. नुसता नाही, उठून उभा राहून केला.

पहिल्या रांगेतनं बयाजी मागं वळला आणि ओरडला, "हात खाली घे, येड्या! तुला कुनी सांगिटलं?"

एवढ्या दिवसांनी माझ्याशी सरळ बोलला तो हे.

मी म्हटलं, "तुला इचारून वर केला न्हाई."

अध्यक्ष म्हणाले, "मारुतीआबा, चुकून तर न्हाई ना झाला?"

"न्हाई सायेब. नाव लिवून घ्या. बापाच्या नावासकट लिवा."

बयाजीनं तोंड फिरवलं आणि टॉवेलानं चष्मा पुसायला लागला. मोजणाऱ्याचं मोजून झालं तरी त्याचं पुसणं संपलं नाही.

हात जवळजवळ बरोबरीत आले. अध्यक्ष म्हणाले, दोन्ही मतं मुंबईला कळवू. कायदा अजून मुंबईतच आहे आणि सिस्टर अजून हितंच आहे. बयाजीचं पद गेलं. मला पक्षाच्या ग्रुपातनं काढून टाकलं, असं कळवण्यात आलं. माझ्याकडं बटणांचा साधा मोबाईल. मी ग्रुपात होतो हे मला तेव्हाच समजलं.

त्या दिवशी सलीमभाईनं आम्हाला रस्ता संपतो तिथवर सोडलं. पायवाट चढायला लागल्यावर बयाजी म्हणाला, "उद्यापासनं सांजचं जेवायला आमच्याकडं यायचं."

मी म्हटलं, "म्या काय अन्नाला म्हाग न्हाई."

"त्ये मला ठावं हाय. आमची कारभारीन लई करून ठिवती. उरतंय. कुनी खायचं?"

"बघू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गेलो. उगाच गेलो, हातात काकडी घेऊन. चुलीवर नाचणीच्या भाकरी होत होत्या, आणि त्याची बायको तव्याकडं बघत बयाजीला म्हणत होती, "तिघांचं कालवन पुरंल न्हवं?" भिंतीकडेला तीन पाट होते. त्यातला एक नवा होता, रंधा मारलेला, अजून ओल्या लाकडाचा वास येणारा.

बयाजी माझ्याकडं न बघता म्हणाला, "बस."