हरीचा आल्प

हरीला कधी अंतर विचारू नये. किन्हवलीच्या स्टँडवर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे परका माणूस हमखास त्यालाच विचारायचा, "शहापूर किती लांब?"

"जाताना तीन दम, येताना चार," हरी पंक्चरच्या टबातून मान वर न करता सांगायचा.

"अहो, किलोमीटर किती?"

"किलोमीटर गाडीला. माणूस जिथं धापा टाकत बसतो, तिथं एक दम संपला."

माणूस मग शेजारच्या पानवाल्याकडे वळायचा. पानवाला कपाळाला बोट लावून दाखवायचा.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. एकदा माळशेजकडे निघालेली शहरातली दोन पोरं गिअरच्या सायकली घेऊन दुकानी आली. एकाची चेन तुटली होती. त्यांच्यापाशी आल्प्सच्या डोंगरवाटांचं रंगीत पुस्तक होतं. हरी तेलकट बोटांनी पानं उलटू लागला आणि पोरांचा जीव खालीवर होऊ लागला. तिथली माणसं डोंगरातून निघून टेकड्या ओलांडत थेट सपाटीपर्यंत आठवडाभर चालत किंवा सायकलने जातात, असं त्यांनी सांगितलं.

"आन् कामाला कदी जातात?" हरीने विचारलं.

बर्फाचं त्याला काहीच वाटलं नाही. पण एका चित्रावर तो थांबला. उघड्या डोंगरावर, वाटेच्या कडेला, एक लाकडी बाकडं. त्याने मला हाक मारली. मी त्याचा शेजारी, वयाने मोठा, म्हणून दादा.

"दादा, बघ. माणसाला दम लागतो, हे त्या आल्पमदल्या सरकारला ठाव हाय!"

त्या दिवसापासून हरी बिघडला. रविवार आला की खांद्यावर पहार घेऊन मुरबाडच्या बाजूच्या डोंगरात जायचा. दोन दगड उभे रोवायचे, वर चपटा दगड ठेवायचा, त्यावर स्वतः बसून दोन्ही बाजूंना डुलून बघायचं. उंची गुडघ्याइतकीच हवी. वाटेचा हिशोब त्याने असा लावला होता: "सपाटी सायकलची, टेकाड हाताचं, डोंगर पायाचा." म्हणजे शेतांमधून सायकल चालवायची, टेकाडावर ढकलायची, पुढे सोडून द्यायची.

"हरी, शेरडांची सोय झाली रे!" लोक ओरडायचे.

त्या वाटेला 'हरीचा आल्प' हे नाव मी दिलं. चेष्टेनं दिलं. त्याला तो मान वाटला. गिऱ्हाइकांना सांगायचा, "नाव दादानी ठेवलं."

हे कुणासाठी चाललंय ते फक्त मला माहीत होतं. हरीची बायको यसू. तिच्या हृदयाची झडप बिघडलेली. तिचं माहेर त्या डोंगराच्या पठारावर, तिथवर गाडीरस्ता नाही. आई म्हातारी, तिला उतरवत नाही. लेक आजारी, तिला चढवत नाही. जमिनीवर बसली तर यसूचा श्वास कोंडायचा, उठता यायचं नाही. तिला पाय सोडून बसायला हवं. आमच्याकडे आजारी माणसाला डोंगरातून झोळीत घालून नेतात. पण यसूने साफ सांगितलं होतं, "झोळी दिसली तर आय मला मेलीच समजंल. मी माज्या पायानी जाईन."

म्हणून ही बाकडी. शेवटचं तेवढं राहिलं होतं. पठार समोर दिसतं त्या वळणानंतर एकच खडा चढ आहे, त्याच्या मध्यावर. त्याच सुमारास हरीच्या पायावर दगड पडून बोट चेचलं. तो माझ्याकडे आला.

"दादा, येवडं एक बसवशील?"

"झालंच समज," मी म्हटलं.

आम्ही सगळेच असं म्हणतो. समोरचाही अर्धंच धरतो. हरीने पूर्ण धरलं. माझ्याकडे भाताची झोडणी चालली होती, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण झोडणी आवरल्यावरही मी गेलो नाही. चढ मोठा होता आणि काम दुसऱ्याचं होतं.

थंडीत एका सकाळी दोघं निघाली. यसूने हिरवं लुगडं नेसलं होतं. सपाटीत ती कॅरिअरवर बसली. डोंगरात एकेका बाकड्यावर टेकत वळणापर्यंत पोचली. हरी पुढचा चढ बघून आला. मधलं बाकडं नव्हतं. यसूने पठाराच्या कडेला वाट बघत उभ्या असलेल्या आईला हात केला, आईनेही केला, आणि दोघं माघारी फिरली. होळीच्या आधी यसू गेली.

हरी मला एका शब्दाने बोलला नाही. गावात मात्र पसरलं, की मानपानावरून सासुरवाडीशी भांडून हरीने बायकोला दारातून परत आणलं. ते माझ्यासमोर बोललं जायचं. मी चहा प्यायचो.

मग दुसरी आवई उठली. हरी बायकोचं लुगडं नेसून डोंगरात नाचतो. गुराख्यांनी पाहिलं म्हणे. आज हरी नाही, तरी स्टँडवर हे हसत सांगतात, म्हणून हे लिहितोय. मी पाहिलं ते असं.

पावसाळा सरल्यावर मी एकदाची पहार उचलली आणि एकटाच तिथवर गेलो. वळणावर हरी उभा होता. पँटीवरूनच यसूचं हिरवं लुगडं गुंडाळलेलं, पदर डोक्यावर. समोर पठाराच्या कडेला म्हातारी उभी होती, बोटाएवढी.

"तिला सांगितलं नाय अजून," हरी म्हणाला. "मेव्हना म्हनला, आय खचंल. यसू वळनापर्यंत येते, वर चढवत नाय, येवडंच सांगतो तिला."

मी खाली टेकू लागलो.

"बसू नको. बरा आलास. जावई कसा दिसत नाय, म्हनून म्हातारी दर टायमाला मेव्हन्याला इचारते. हितं ये, माज्या बाजूला. हात कर."

मी पहार गवतात टाकली आणि हात वर केला. समोरून हात आला. आम्ही तिघे तसेच उभे राहिलो. माझा खांदा भरून आला, तरी हरीचा हात खाली येईना, कारण तिचा येत नव्हता.

"घे गो आये खाली," हरी पदराआडून पुटपुटला, "हात दुखंल तुजा."